वाटीमागचा सांधा झिजलाय : तेवढाच बदलू की पूर्ण गुडघा?

प्रश्न : मी ५२ वर्षांची आहे. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. चार वर्षांपासून उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. जिना उतरताना कळ येते, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, गुडघा वाकवला की वाळू भरडल्यासारखा आवाज येतो. सपाट रस्त्यावर मात्र पाऊण तास आरामात चालते. अलीकडे चालून आल्यावर गुडघ्याच्या आतल्या बाजूलाही थोडं दुखतं. शाळेत असताना याच गुडघ्याची वाटी दोनदा सरकली होती. झोपवून काढलेले दोन एक्स-रे आणि दीड वर्षापूर्वीचा एमआरआय माझ्याकडे आहे. एका डॉक्टरांनी फक्त वाटीचा सांधा बदलायला सांगितलं. दुसरे म्हणाले, करायचंच तर पूर्ण गुडघा बदला. कोणाचं ऐकू? वाटी काढून टाकतात का? ही शस्त्रक्रिया किती वर्षं टिकते? नंतर जमिनीवर गुडघे टेकता येतील का? आणि हा आवाज जाईल का?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींपाशी आम्ही थांबलो. शाळेत असताना वाटी सरकली होती, ही पहिली. अलीकडे आतल्या बाजूलाही दुखतं, ही दुसरी. पहिली गोष्ट वाटीपुरत्या सांधेरोपणाच्या बाजूची आहे, दुसरी त्याच्या विरोधात जाते. दोन डॉक्टरांची दोन मतं पडली ती बहुधा इथेच. त्यामुळे ‘कोणाचं ऐकू’ याचं उत्तर आज देता येणार नाही. आतल्या बाजूचं दुखणं नेमकं कशाचं आहे ते आधी ठरू द्या, मग निवड फारशी अवघड उरणार नाही.

गुडघ्यात तीन कप्पे असतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधला आतला आणि बाहेरचा असे दोन, आणि पुढे वाटी व मांडीच्या हाडावरची खोबण यांचा तिसरा. वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, शरीरातली सर्वांत जाड, काही ठिकाणी ५-६ मिलिमीटर. तिथे पडणारा दाबच तसा आहे. सपाट चालताना तो शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर तिपटीच्या घरात जातो आणि पूर्ण उकिडवं बसताना सात-आठ पटींवर. पाऊण तास चालणारा माणूस दहा पायऱ्यांना का घाबरतो, ते यातून कळतं. ही तिसऱ्या कप्प्याच्या झिजेची ठरलेली खूण आहे.

वाटी लहानपणी सरकली असेल, तर खोबण जन्मतःच उथळ असण्याची शक्यता मोठी. उथळ खोबणीत वाटी मधोमध न चालता बाहेरच्या कडेला घासत राहते आणि तिथली कूर्चा पन्नाशीच्या आत-बाहेर संपते. अशा गुडघ्याचं दुखणं मुळात त्या एका कप्प्याच्या घडणीचं असतं; बाकीचे दोन कप्पे बऱ्याचदा पुढेही चांगले राहतात. याउलट, काही कारण नसताना वाटीचा सांधा झिजलेल्यांत तीच झीज काही वर्षांनी शेजारच्या कप्प्यांत उतरण्याचं प्रमाण जास्त. म्हणून वाटीपुरतं सांधेरोपण सर्वांत जास्त फळतं ते उथळ खोबणीच्या रुग्णांत. तुम्ही त्यांतल्या असाल, तर पहिल्या डॉक्टरांचा सल्ला वाऱ्यावरचा नाही.

आता आतल्या बाजूचं दुखणं. त्याची चार कारणं संभवतात : आतल्या कप्प्याची सुरू झालेली झीज, तिथल्या मिनिस्कसला, म्हणजे गादीला गेलेली चीर, सांध्याच्या रेषेखाली चार-पाच सेंटिमीटरवर स्नायूंच्या दोऱ्या नडगीला चिकटतात तिथली सूज, किंवा वाटीच्याच आतल्या अर्ध्या भागाचं दुखणं. पुढच्या वेळी दुखेल तेव्हा एकाच बोटाने जागा दाखवता येते का बघा. बोट सांध्याच्या रेषेवर पडलं तर पहिली दोन कारणं, खाली नडगीवर पडलं तर तिसरं. तिसऱ्याला शस्त्रक्रिया लागतच नाही. पहिलं निघालं, तर वाटीपुरतं सांधेरोपण बाद. सहा महिन्यांत दुसऱ्या दुखण्यासाठी परत टेबलावर जाण्यात अर्थ नाही.

बोटाच्या जोडीला कागदोपत्री पुरावा हवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेवर सांध्यातली फट खोटी मोठी दिसते, कारण वजनच पडलेलं नसतं. नवे एक्स-रे उभं राहून काढा : एक समोरून, एक बाजूने, एक गुडघा ४५ अंश वाकवून मागून घेतलेला. या शेवटच्यात मांडीच्या हाडाच्या मागच्या भागाची झीज दिसते. सरळ उभ्या एक्स-रेत ती निसटते. चौथा ‘स्कायलाइन’ एक्स-रे. वाकवलेल्या गुडघ्यावर वाटीच्या दिशेने किरण टाकून तो घेतात; त्यात वाटी आणि खोबण यांच्यातली फट, वाटीचा कल, खोबणीची खोली सगळं दिसतं. तुमच्याकडचे दोन चालणार नाहीत. दीड वर्षापूर्वीच्या एमआरआयवरही आम्ही विसंबणार नाही, कारण आतल्या बाजूचं दुखणं त्यानंतरचं आहे. वाटी सरकण्याचा इतिहास असल्याने बहुतेक डॉक्टर सीटी स्कॅनही मागतील. खोबणीचा मध्य आणि वाटीखालची दोरी नडगीवर जिथे रुजते तो उंचवटा यांच्यातलं आडवं अंतर त्यात मोजतात. २० मिलिमीटरपेक्षा जास्त भरलं, तर वाटी सतत बाहेर ओढली जाते, आणि तो उंचवटा आत सरकवण्याचाही विचार करावा लागतो. ते न पाहता नुसता सांधा बदलला, तर वाटीमागे बसवलेली नवी चकतीही जुन्या वाटीसारखीच बाहेरच्या कडेला घासेल.

एक तपासणी कागदावर येत नाही आणि हमखास राहून जाते : खुब्याची. खुब्याच्या सांध्याची झीज गुडघ्यात दुखते. डॉक्टरांनी तुम्हाला झोपवून मांडी आत-बाहेर फिरवून पाहिली नसेल, तर तुम्हीच आठवण करा.

शस्त्रक्रिया कोणाला करू नये, याची यादी ती कशी करतात यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण बहुतेक अपयश इथेच पेरलं जातं. संधिवाताचा आमवातासारखा दाहक प्रकार असेल तर नको. तो तिन्ही कप्पे खातो. गुडघा १० अंशांहून जास्त आखडलेला, सरळच न होणारा असेल तर नको. पाय बराच आत किंवा बाहेर वळलेला असेल, वाटी नेहमीपेक्षा खाली बसलेली असेल, तरी नको. आणि एक्स-रेत किरकोळ झीज, पण दुखणं प्रचंड, अशा गुडघ्यावर तर कोणतंच सांधेरोपण करू नये. हाडावर हाड घासल्याचा पुरावा नसताना केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दुखणं तसंच राहण्याची शक्यता फार.

तुमच्या वजनाचं स्पष्ट बोलतो. बॉडी मास इंडेक्स ३३-३४ येतो, आणि ३० च्या वर वाटीपुरतं सांधेरोपण पुन्हा उघडावं लागण्याचा धोका वाढतो. ७५ किलोपर्यंत आलात तर जिन्याच्या प्रत्येक पावलाला वाटीवरचा भार पंचवीसएक किलोंनी उतरेल. शस्त्रक्रिया झाली नाही तरी हा हिशेब तुमच्याच खात्यात जमा होतो.

तोवर किमान तीन महिने नीट व्यायाम. झोपून पाय सरळ ठेवत फूटभर उचलून पाच सेकंद धरायचा, दहा वेळा, असे तीन फेरे. कुशीवर वळून वरचा पाय बाजूला उचलायचा, तेवढेच फेरे. खुब्याचे हे स्नायू कमकुवत असले की मांडी आत वळते आणि वाटी बाहेर सरकते. भिंतीला पाठ टेकून गुडघे ४५ अंशांपर्यंतच वाकवायचे. खुर्चीवर बसून, घोट्याला वजन बांधून पाय ताठ करण्याचा व्यायाम मात्र टाळा : शेवटच्या ४० अंशांत वाटीचा अगदी लहान भाग खोबणीला टेकलेला असतो आणि सगळा दाब तेवढ्यावरच पडतो. हा व्यायाम व्यायामशाळांत सर्रास करायला लावतात, आणि असे गुडघे तिथे आणखी बिघडतात. वाटी आत ओढणारी चिकटपट्टी काहींना जिन्यापुरता चांगला आराम देते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे दुखणं कमी करतं, पण शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत ते घेऊ नका. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दुर्बिणीने सांधा ‘धुऊन-साफ’ करण्याचा सल्ला कोणी दिला, तर नम्रपणे नाही म्हणा. झिजलेल्या सांध्याला त्याचा टिकाऊ उपयोग होत नाही.

हे सगळं करूनही जिना हा शत्रूच राहिला, आणि तपासण्यांत बाकीचे दोन कप्पे चांगले निघाले, तर मग शस्त्रक्रिया.

वाटी काढून टाकत नाहीत. तिचा झिजलेला मागचा भाग कापतात आणि तिथे प्लॅस्टिकची, म्हणजे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची, गोल चकती बसवतात. मांडीच्या हाडावरच्या खोबणीवर कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा गुळगुळीत पन्हाळीसारखा भाग बसतो. दोन्ही हाडाच्या सिमेंटने पक्के करतात. दोन्ही मिनिस्कस, दोन्ही क्रुशिएट लिगामेंट (सांध्याच्या आतले फुलीसारखे बंध), आतला आणि बाहेरचा कप्पा जागच्या जागी राहतात. त्यामुळे पूर्ण सांधेरोपणापेक्षा हा गुडघा चालताना जास्त आपला वाटतो. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली : वाटीपुरतं सांधेरोपण झालेल्यांचा गुडघा जास्त वाकत होता आणि सुरुवातीच्या काळात त्यांना बरंही जास्त वाटत होतं.

प्रत्यक्ष काम साधारण एक ते दीड तासाचं. बहुतेक वेळा कमरेखाली भूल. समोर मधोमध काप घेऊन वाटीच्या आतल्या कडेने सांधा उघडतात. इथे पहिली सावधगिरी : पूर्ण सांधेरोपणात मिनिस्कस काढायचाच असतो, त्यामुळे हाताला सवय असते ती सढळ कापण्याची. इथे मिनिस्कसच्या पुढच्या टोकाला चुकून पातं लागलं, तर जो कप्पा वाचवायला निघालो त्यालाच इजा. सांधा उघडल्यावर उरलेले दोन्ही कप्पे डोळ्यांनी पाहून हुकाने चाचपतात. तिथे कूर्चा उडून हाड उघडं दिसलं, तर त्याच वेळी पूर्ण सांधेरोपण करणं शहाणपणाचं. यासाठी संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास पूर्ण’ असं लिहून तुमची सही आधीच घेतलेली असावी. नसेल तर तुम्हीच विचारा.

मांडीच्या हाडाचा भाग दोन तऱ्हांचा मिळतो आणि तुमच्या बाबतीत हा फरक कळीचा आहे. १९७९ च्या सुमारास निघालेल्या पहिल्या पिढीचे भाग हाड कोरून जुन्या खोबणीतच बसवत. हाड कमी जाई, पण खोबण मुळात वाकडी वा उथळ असेल तर नवा भागही त्याच वाकड्या दिशेने बसे, आणि वाटी अडखळे, सरके. दुसऱ्या तऱ्हेत खोबणीचा पुढचा भाग पूर्ण सांधेरोपणासारखाच सपाट कापून टाकतात आणि नवी खोबण योग्य दिशेला, किंचित बाहेर वळवून बसवतात. म्हणजे जन्माचा दोषही त्यातच सुधारतो. उथळ खोबणीच्या गुडघ्यात आमचा कौल दुसऱ्या तऱ्हेला. डॉक्टर कोणती वापरतात आणि वर्षाला अशा किती करतात, हे विचारायला संकोच नको. ही दुर्मीळ शस्त्रक्रिया आहे. पूर्ण सांधेरोपणात हात बसलेले डॉक्टर हिच्यातही तितकेच सराईत असतील असं नाही.

समोरचा काप खोल गेला तर मांडीच्या हाडाला खाच पडते आणि तिथून ते मोडू शकतं. उथळ राहिला तर धातूचा भाग पुढे येतो, वाटी ताणून धरली जाते, गुडघा दुखतो आणि नीट वाकत नाही. खालच्या टोकाला धातू शेजारच्या कूर्चेशी समतल किंवा केसभर खाली असावा लागतो. एक मिलिमीटर वर राहिला तरी वाटी त्या कडेवरून जाताना खटकते. फार खाली गेला तर पुढच्या क्रुशिएट लिगामेंटला घासतो. वाटीचंही तसंच गणित. स्त्रियांत ती साधारण २२ मिलिमीटर जाड असते. जेवढी जाडी कापली तेवढीच चकतीने भरून काढायची आणि हाड किमान १२ मिलिमीटर तरी उरवायचं. पातळ वाटी पुढे मोडते. तुमची वाटी आधीच झिजून पातळ झालेली असू शकते, तेव्हा ही मापं शस्त्रक्रियेआधीच बाजूच्या एक्स-रेवर आणि सीटीवर घेतलेली असावीत. चकती वाटीच्या किंचित आतल्या बाजूला बसवतात आणि बाहेरच्या कडेचं उघडं हाड तासून टाकतात, नाहीतर तेच धातूवर घासत राहतं. सिमेंट लावण्याआधी तात्पुरते भाग घालून गुडघा पूर्ण वाकवून पाहतात : अंगठ्याने न दाबता वाटी खोबणीत मधोमध चालली पाहिजे. बाहेर उचलली गेली, तर आधी धातूची दिशा तपासायची, बाहेरचे ताणलेले पडदे सैल करणं त्यानंतर.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण वजन टाकून उभं करतात. दवाखान्यात एक-दोन रात्री, काठी दोन ते चार आठवडे, टाके १० ते १४ दिवसांनी. दोन आठवड्यांत ९० अंश आणि सहा आठवड्यांत ११०-१२० अंश वाकणं, हा टप्पा. सहाव्या आठवड्याला ९० सुद्धा नसेल, तर वाट पाहू नका. भुलीखाली गुडघा वाकवून मोकळा करण्याचा उपयोग पहिल्या तीन महिन्यांत जास्त होतो. दिवसातून चार-पाचदा बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, मध्ये कापड ठेवून. उजवा पाय असल्याने गाडी साधारण सहा आठवडे नाही, आणि जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत तर नाहीच. मांडीचा पुढचा स्नायू वर्षानुवर्षं न वापरल्याने वाळलेला असतो. जिना सुधारायला म्हणूनच तीन ते सहा महिने लागतात, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. जखमेतून पाच-सहा दिवसांनंतरही पाणी येत राहिलं, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर त्याच दिवशी दाखवा. शस्त्रक्रियेआधी मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणा, आणि दाताचा पू, त्वचेवरची जखम, लघवीचा संसर्ग यांचा निकाल लावून घ्या.

किती टिकतं? इंग्लंड-वेल्सच्या सांधेरोपण नोंदणीत दहा वर्षांत वाटीपुरत्या सांधेरोपणांपैकी पाचातलं जवळपास एक पुन्हा करावं लागल्याचं दिसतं. पूर्ण सांधेरोपणात हेच प्रमाण शंभरात पाचांपेक्षा कमी. दुसऱ्या डॉक्टरांच्या मतामागे हाच आकडा असणार, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण त्यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत. जुन्या पिढीचे सरकणारे भाग त्यात आहेत. चुकीच्या निवडीचे रुग्ण आहेत. आणि वाटीपुरतं रोपण बदलून पूर्ण करणं तुलनेने सोपं असल्याने डॉक्टर ते लवकर उघडतात. दुखणाऱ्या पूर्ण सांधेरोपणाला पुन्हा हात लावायला मात्र सगळेच कचरतात. बदलायची वेळ आलीच, तर बहुतेकदा साधेच पहिल्या वेळचे भाग बसतात आणि वाटीवरची चकती पक्की असेल तर तीही तशीच ठेवता येते. बावन्नाव्या वर्षी याला किंमत आहे : पूर्ण सांधेरोपण जितक्या कमी वयात, तितकी आयुष्यात ते पुन्हा करावं लागण्याची शक्यता जास्त, आणि ती दुसरी शस्त्रक्रिया हाड गमावून होते.

तेव्हा आमचं मत असं. आतला कप्पा उभ्या एक्स-रेत आणि नव्या एमआरआयमध्ये चांगला निघाला, वजन ७५ च्या जवळ आलं, तर वाटीपुरतं सांधेरोपण, दुसऱ्या तऱ्हेचा भाग वापरून. आतल्या कप्प्यात खरी झीज दिसली, तर व्यायाम-वजनावर जमेल तितकी वर्षं काढा आणि मग पूर्ण. आतल्या बाजूला ‘थोडीशीच’ झीज आहे, चालून जाईल, असं कोणी म्हणालं, तर तिसरं मत घ्या.

गुडघे टेकल्याने रोपण बिघडत नाही, पण बऱ्याच जणांना ते सोसत नाही. कापाच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक तुकडा बधिर राहतो, कारण तिथली बारीक नस कापात जाते, आणि त्या बधिर जागेवर टेकणं चमत्कारिक वाटतं. तीन महिन्यांनी जाड गादीवर थोडं थोडं करून पाहा. खोल उकिडवं बसणं जमलं तरी रोज करू नका. चकतीवर सर्वांत जास्त दाब तिथेच येतो.

आणि आवाज. भरडल्यासारखा तो जाईल, कारण तो खरखरीत हाडांचा आहे. त्याच्या जागी कधीतरी टक्-टक् असा मऊ आवाज येऊ शकतो, प्लॅस्टिक धातूला लागल्याचा. दुखत नसेल तर तो सोडून द्या. पण बसलेल्या अवस्थेतून पाय सरळ करताना ३०-४० अंशांच्या आसपास वाटी अडकून ‘कट्ट’ करून सुटत असेल आणि तेव्हा दुखत असेल, तर वाटीच्या वर तंतूंची गाठ झालेली असते किंवा धातूची कड वर राहिलेली असते. गाठ दुर्बिणीने काढता येते. कड वर राहिली असेल, तर भाग नव्याने बसवावा लागतो.